न फवारलेला मका

गेल्या रविवारी डॉक्टरकाकांनी पोहे खायला बोलावलं... आणि पोहे संपतायत न संपतायत तोच गाडीत बसवून थेट मक्याच्या शेतावर नेलं.

मी मूळची अकोल्याची, ॲग्रीकल्चर शिकलेली. इथे ओहायोत शेतकऱ्यांची पिकं बघते आणि काय फवारायचं, काय नाही ते सांगते. इथल्या डब्लिन गावातली आमची बाकी सगळी मराठी मंडळी आयटीत. त्यामुळे कुणाच्या कुंडीतल्या कढीपत्त्याने मान टाकली तरी फोन मलाच येतो.

काका मुलांचे डॉक्टर होते, आता रिटायर झालेत. काकू त्यांच्याच क्लिनिकचं फ्रंट डेस्क सांभाळायच्या. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी शहराबाहेर शेत घेतलं आणि डेल नावाच्या शेतकऱ्याला खंडाने दिलं. शेत डेल कसतो आणि काका दर रविवारी ड्राइव्ह करत जाऊन ते रस्त्यावरून तपासतात.

तर या तपासणीत त्यांना मक्याच्या पानांवर काळे ठिपके दिसले होते, डांबराचे शिंतोडे उडावेत तसे. शेजारच्या शेतावर जुलैतच विमानाने फवारणी झाली होती. डेलने काहीच केलं नव्हतं... आणि तो शेजारी आता काकांच्या मागे लागला होता की जमीन मला द्या, मी सगळं फवारून टकाटक ठेवतो.

डेलला काढायचं तर इथल्या कायद्याने ऑगस्ट संपायच्या आत नोटीस द्यायला हवी होती. काकांचं जवळपास ठरलंच होतं, माझा फक्त शिक्का हवा होता. मला अशा कामाचा मनापासून कंटाळा आहे, पण पोहे खाऊन झाले होते.

शेतात शिरले. मक्याची पानं हाताला कापतात हे विसरून मी अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून गेले होते, ते एक असो.

ठिपके होते. जास्त करून खालच्या पानांवर, सखल भागात थोडे अधिक. एक कणीस सोलून काकांना दाखवलं. दाण्यांच्या डोक्यावर खळी पडली होती, आत दूध नव्हतं, पीठ धरलं होतं. म्हणजे पीक जवळजवळ तयार होतं, रोग उशिरा आला होता. सखल भागात थोडा उतारा कमी येईल, बाकी काही नाही.

काकांना हे पटेना. आजार डोळ्यांना दिसतोय, मग औषध नको का द्यायला, हे त्यांचं पालुपद. मी सांगितलं की आता फवारलं तर पैसे पाण्यात. आणि जुलैत डेलने पानं बघितली असणार, रोग नगण्य दिसला असणार, म्हणून तो थांबला असणार. मक्याला भाव नाही, खत-औषधं परवडत नाहीत, अशा वर्षी मीही त्याला थांबच म्हटलं असतं.

"पण शेजारच्याने दिलंच ना?" काका म्हणाले.

काकू एवढा वेळ गाडीची काच खाली करून ऐकत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अहो, सर्दीला अँटिबायोटिक देत नाही म्हणून पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे, तेव्हा तुम्ही दोन-दोन दिवस धड जेवायचा नाहीत. फाइल तिकडे पाठवा म्हणून फोन यायचे, ते मी घ्यायचे."

काका हातातलं कणीस उगाच फिरवत राहिले.

तेवढ्यात डेलचा पिकअप येऊन थांबला. रस्त्याकडेला काकांची गाडी त्याने लांबूनच ओळखली असणार. ऑगस्टचा शेवट, जमिनीचा मालक, सोबत पिकाची पाहणी करणारी बाई... माणूस काय समजायचं ते समजला होता. टोपी काढून हातात धरली होती त्याने. मला फार वाईट वाटलं, खरंच. काकांनी घेण्याआधी त्याचे वडीलही हीच जमीन कसायचे.

त्याने काकांना सरळ विचारलं, पुढच्या वर्षीही जमीन राहतेय ना माझ्याकडे?

काकांनी घसा साफ केला. म्हणाले, "औषध दिलं नाहीस ते बरोबर केलंस. लक्ष ठेव. काही वाटलं तर फोन कर."

डेलने मान हलवली आणि टोपी घातली. गाडीत काकू तोंडावर पदर धरून हसत होत्या. नंतर कळलं, क्लिनिकमधून प्रत्येक आईला घरी पाठवताना काका "लक्ष ठेव, काही वाटलं तर फोन कर" अगदी हेच म्हणायचे... शब्दाला शब्द.

परतीच्या वाटेवर काकांनी माझी फी विचारली. मी म्हटलं, पोहे आणखी आहेत का घरी? होते.

माझ्या कामात "काही करू नका" हे सांगणं सगळ्यात अवघड. फवारणी केली की लोकांना काम दिसतं, नाही केली की आळस दिसतो. मी इतकी वर्षं हे एकटीच सांगत फिरतेय... परवा पहिल्यांदा माझ्या बाजूने कुणीतरी बोललं.

काकू, थँक यू. हातावरचे ओरखडे अजून चुरचुरतायत, पण चालेल.