आठवणीनं काढून घेतलेली मेमरी

नव्या कॉम्प्युटरसाठी मदरबोर्ड आणि मेमरी निवडायला मी दुकानात गेलो होतो. शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर गृहस्थांनी रुमालाची गाठ सोडून त्यातली हिरवी पट्टी काउंटरवर ठेवली.

"ही मेमरी बसेल असा बोर्ड द्या. जुना कॉम्प्युटर भंगारात दिला, पण ही आठवणीनं काढून घेतली. हिच्यात आमच्या हिचं गाणं आहे. गेल्या वर्षी गेली ती."

दुकानदारानं पट्टी उलटसुलट करून पाहिली. "काका, ही रॅम. लाइट गेली की कोरी होते. गाणं हार्ड डिस्कमध्ये असणार. ती कुठंय?"

"भंगारात." मग जरा चिडून, "मेमरी हिलाच म्हणतात ना?"

"हिलाच म्हणतात, काका."

वीज असेतोवरच ज्या वस्तूला काही आठवतं, तिला हे नाव कुणी दिलं कोण जाणे. माणसाचंही याहून वेगळं नसतं. ते गाणं आता या एका गृहस्थांपाशी उरलं होतं, तेही ते असेपर्यंत.

"तुम्हाला तर पाठ असेल," मी म्हणालो.

"शब्द पाठ आहेत," ते म्हणाले. "आवाज आठवत नाही."