कय्युम रागावला नाही

सर्जेराव खासदार झाले त्याला आता दोन वर्षं होतील. दिल्लीत बंगला मिळाला, मागंपुढं माणसं आली, पण गड्याचा जीव काही तिथं रमेना. जीव अडकलेला औरंगपुऱ्यातल्या मोटारी भरायच्या दुकानात.

पिशोरहून आलेले सर्जेराव आणि शहरातला कय्युम, दोघांनी तीस वर्षं ते दुकान चालवलं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी यायच्या, हे जुनी तार काढून नवी भरायचे. दुकानाचा कायदा एकच: तारेचे वेढे मोजणाऱ्याशी बोलायचं नाही. गिऱ्हाईक असो की सासरा, थांबायचं. आकडा चुकला की सगळं उसवून पहिल्यापासून. तसं झालं की कय्युम तापायचा, "अबे सर्ज्या, ध्यान कां है तेरा? जा, घरी जाऊन झोप!" गिऱ्हाईक ओशाळायचं, सर्जेराव हसत उसवायला बसायचे. या हातांनी भरलेली मोटार जळत नाही, एवढ्या नावावर लोकांनी त्यांना आधी जिल्हा परिषदेत आणि मग थेट दिल्लीला धाडलं.

गेल्या महिन्यात अधिवेशन संपलं तसे ते दुकानात आले, बाह्या सारल्या. "आज एक मोटार मी भरणार."

कय्युमनं खुर्ची पुसून दिली. "बसा, साहेब."

साहेब! काळजाला लागलं. गावाकडच्या संघपालची मोटार त्यांनी पुढ्यात ओढली. जरा हात बसतोय, तोच कार्यकर्ते हार घेऊन घुसले. फोन वाजले, फोटो झाले. त्यांना थांबवायचं कय्युमनं, तर तो बापडा कोपऱ्यात उभा. आकडा गेला. सर्जेरावांना ते कळलंही होतं, पण चारचौघांत उसवायची लाज वाटली आणि त्यांनी अंदाजानं पुढं रेटलं. तीस वर्षांत असलं पाप केलं नव्हतं.

आठवड्यानं संघपाल भेटला. "मोटार झ्याक चालतीय, साहेब. पहिल्याच दिवशी जळली व्हती, पर कय्युमभाईनं लगेच दुसऱ्यांदा भरून दिली. तुमाला सांगू नको म्हनले."

सर्जेराव तडक दुकानात गेले. बरोबरची माणसं बाहेरच ठेवली.

"कय्युम, आकडा माझा चुकला होता. मला ठाऊक होतं, तरी मी उसवलं नाय."

"होतं असं कधी, साहेब. तुमच्यामागं कामं लई."

"साहेब नको म्हणू रे. दोन शिव्या दे मला. पहिल्यासारखा रागव."

कय्युमनं हातातली पक्कड पुसून खाली ठेवली. "फहमिदाचं ऑपरेशन हाय. सरकारी मदतीसाठी खासदाराचं पत्र लागतंय. महिना झाला, मागू का नको, मागू का नको करतोय. आता तुम्हीच सांगा, शिव्या कशा देऊ?"

फहमिदाभाभीच्या हातचं सर्जेराव तीस वर्षं जेवले होते. त्यांनी गाडीतून लेटरहेड मागवलं, तिथंच पत्र लिहिलं, सही केली. निदान आता तरी हा आपल्यावर खेकसेल, महिनाभर कुठं होतास म्हणेल, अशी त्यांना फार आस लागली.

कय्युमनं ते पत्र दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकून म्हणाला, "मेहरबानी, साहेब."