जकात उतरेपर्यंत

नाशिकची एसटी वसई फाट्याला थांबली, तेव्हा उतरणारी मी एकटीच होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनने बाहेरच्या देशांशी व्यापाराचं धोरण कसं बदलत नेलं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. आधी जुन्या वसाहतींना जकातीत सवलत, मग युरोपच्या बाजारात प्रवेश, मग तिथून बाहेर, आणि आता भारतीय मालावरची जकात उतरवणारा करार. सगळं वाचनालयात बसून वाचलेलं. या कराराने खूश झालेलं कोणीतरी प्रत्यक्ष बघावं, म्हणून आले होते.

वालीवला जाणाऱ्या शेअर रिक्षात कोणी बोललं नाही. मला ते बरंच वाटलं. दोन्ही बाजूंना गाळे. कुठे प्लास्टिक वितळल्याचा वास, कुठे पत्र्यावर हातोडा. ज्यांना भेटायला आले होते, त्या वर्षाताईंच्या गाळ्यात मात्र आवाजच नव्हता. त्या ब्रिटनमधल्या एका दुकानदारासाठी टी-कोझी (किटली गरम राहावी म्हणून तिच्यावर घालायची कापडी टोपी) शिवून घेतात. मशिनांवर चादरी टाकलेल्या होत्या आणि खोकी छताला टेकली होती.

"करार झाला ना, म्हणूनच," वर्षाताई म्हणाल्या. जकात उतरणार हे कळताच दुकानदाराने कळवलं होतं, करार लागू होईपर्यंत माल पाठवू नका. तो कधी लागू होणार, हे त्यांनी मला विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं.

बाकीच्या बायकांना घरी बसवलं होतं. फक्त गुलाबमावशी अजून येत होत्या.

"पानी पी बाय आधी," म्हणत त्यांनी सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) पुढे केली. मी एक घेतलं आणि दाराशी उभी राहून खाल्लं.

मग वर्षाताईंनी फोन माझ्या हातात दिला. "तुझं इंग्रजी चांगलं. अर्धा माल तरी आत्ता घे म्हणावं. नाहीतर उद्यापासून हिलाही बोलावता येणार नाही."

मी ओळखीच्यांनाही सहसा फोन करत नाही. पण केला, स्पीकरवर. दुकानदाराने इथल्या उन्हाची चौकशी केली, शिवणीचं कौतुक केलं, आमची विनंती जरूर ध्यानात ठेवतो म्हणाला आणि आभार मानले.

"गोड मानूस हाय," मावशी हसल्या.

तो गोडवा माझ्या ओळखीचा होता. ब्रिटन युरोपकडे वळत होता, तेव्हा जुन्या वसाहतींना कोणत्या सुरात समजावलं गेलं, ते मी वाचलं होतं.

"नाही म्हणाला तो," मी म्हणाले.

"कधी? किती नीट बोलत होता," वर्षाताई म्हणाल्या.

"असंच म्हणतात ते."

दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू नकार मीच दिला होता. मावशींनी खणातली आपली कात्री काढून पिशवीत टाकली. वर्षाताई खोक्यांकडे बघत राहिल्या.

नाक्यापर्यंत मी आणि मावशी बरोबर चाललो. त्यांना गोखिवऱ्याची रिक्षा, मला फाट्याची. चढता चढता त्या थांबल्या.

"नीट इचारलंस ना गो?"

"हो," मी म्हणाले.

परतीच्या एसटीत शेजारची सीट रिकामीच होती. घाट चढेपर्यंत मी तो फोन मनात पुन्हा पुन्हा लावला, दर वेळी जरा जास्त धीटपणे. पलीकडून दर वेळी माझे आभारच मानले गेले.