मास्तरांवर नजर

मला शाळेत घातलं ते शिकण्यासाठी नव्हे, मास्तरांवर नजर ठेवण्यासाठी. आमच्या मावळातल्या खेड्यात तेव्हा मुलीला शाळेत कोण पाठवणार? पण भाऊ म्हशींमागे जायचा, त्याला सोडवणं परवडत नव्हतं. मी रिकामी होते, आणि माझे डोळे घारीचे आहेत असं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मत होतं.

आबांच्या संशयाला कारण होतं. लोणावळ्याच्या अंगाला वीज कंपनीची धरणं झाली, त्यात माझ्या आत्याचं घर अंगणातल्या तुळशीसकट पाण्याखाली गेलं. त्याआधी म्हणे एक टोपीवाला येऊन गोड गोड बोलत घरं, विहिरी, आंब्याची झाडं मोजून गेला होता. आत्या त्याला अजून शिव्या मोजायची. तेव्हापासून कोणी मोजताना दिसलं की आमच्या गावाच्या मनात पाल चुकचुकायची. आणि तळेगावहून आलेले हे नवे मास्तर, काळ्या टोपीचे, पोरांना दिवसभर मोजायलाच लावायचे.

जुने मास्तर पाढे घोकून घ्यायचे, चुकलं की छडी. सरळ व्यवहार होता. नवे मास्तर देवळाच्या पडवीत चिंचोक्यांचे ढीग मांडायला सांगायचे, आणि कोणी "तीन नि चार सात" म्हणालं की विचारायचे, "कशावरून?" ओढ्याचं पाणी ओसरलं म्हणतोस, कशावरून? एवढंसुद्धा ज्याला ठाऊक नाही तो कसला मास्तर, असं वाटून मला त्यांचा रागच यायचा. पुढे त्या प्रश्नाची चटक लागली. पीठ पुरणार नाही म्हणणाऱ्या आईला मी "कशावरून?" विचारलं, तर तिने उलथनं उगारलं.

संध्याकाळी आबा मला ओट्यावर बसवून घ्यायचे.

"आज काय इचारलं त्यानं?"

"कुनाच्या घरामागं कंचं झाड हाय."

"बघ! म्हनलं नव्हतं? पानी मुरतंय हितं."

मग एके दिवशी मास्तरांनी देवळापुढच्या धुळीत आम्हाला अख्खं गाव मांडायला लावलं. राखेची रेघ म्हणजे ओढा, दगड म्हणजे घरं, काटक्या म्हणजे बांध. मी आमच्या घराचा दगड ठेवला. उगवतीची बाजू दाखवत मास्तर म्हणाले, "तुझं घर ओढ्याच्या या अंगाला, कशावरून?"

मी म्हणाले, "सकाळी पान्याला जाताना ऊन पाठीवर लागतं."

मास्तर खुलले. "शाबास! पाहा रे, हिने कसा विचार केला!" मला आजवर कोणी शाबास म्हटलं नव्हतं. इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

नेमके तेव्हाच आबा बैल घेऊन तिथून चालले होते. त्यांनी धुळीतलं गाव पाहिलं, आमचा दगडही पाहिला. घरी आल्यावर आईला म्हणाले, "नकाशा झाला. आता म्होरं पानी." चार माणसं घेऊन वडगावच्या कचेरीत तक्रार करायची आणि मास्तरांना हलवायचं, असं ठरूनही गेलं.

मी हे सगळं ऐकलं. मास्तर गेले तर नजर कोणावर ठेवायची? माझीही शाळा गेलीच. पण माणूस खरंच कंपनीचा असला तर? मला तेही नीट बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पुन्हा गाव मांडायला लावलं. पोरं पांगल्यावर मी पिंपळाआड थांबले. मास्तरांनी आमचं गाव काही कागदावर उतरवून घेतलं नाही. केरसुणी घेतली आणि दगड, काटक्या, ओढा, सगळं झाडून टाकलं. तिसऱ्या दिवशीही तेच.

धावत घरी येऊन मी आबांना सांगितलं.

"सोता झाडलं?"

"व्हय."

"कागदावर काय बी न्हाई?"

"न्हाई, आबा. कंपनीवाला असता तर झाडला असता का नकाशा?"

आबा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. मग त्यांच्या कपाळावरची आठी मोडली. "म्हंजी मानूस साधा हाय. तक्रार नको मग." माझा जीव भांड्यात पडला. आबा उठता उठता म्हणाले, "तुजं काम झालं. उद्यापासनं शाळा बंद. गवताला जा आईसंगं."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आणि तोंडातून निघून गेलं, "कशावरून?"

"काय?"

"कागदावर काढलं न्हाई म्हून साधा, कशावरून? डोक्यात ठेवत असंल की."

आबा वळले.

"आन तक्रार केली तर सावध हुईल," मी घाईघाईने म्हणाले. "अजून बघाया पायजे."

आबा माझ्याकडे एकटक पाहत राहिले. मीही डोळे खाली केले नाहीत.

"जा," ते शेवटी म्हणाले. "पर नीट बघ."

मी चौथीपर्यंत मास्तरांवर नजर ठेवली. आबांच्या मनातला मास्तरांविषयीचा संशय हळूहळू विरला. माझ्याविषयीचा मात्र कधीच गेला नाही.