झोपवलेली दुर्बीण

पंचशीला सोनकांबळे मूळची उदगीरची. बंगळूरच्या एका नियंत्रण कक्षात तिची नोकरी अशी, की सूर्यावर वादळ उठलं की अवकाशातल्या दुर्बिणीला झोपवायचं. यंत्रांची वीज उतरवायची, तोंड झाकायचं. नाहीतर सूर्यावरून आलेले कण तिचा डोळा जाळून टाकतात. उदगिरात हे काम कुणालाच नीट कळलेलं नव्हतं, म्हणून तिचा सत्कार ठरला.

त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं आलं. उदगिरात टँकर पंधरवड्यातून एकदा यायचा आणि नव्या जिल्ह्यासाठीची कृती समिती रोज. समितीनंच सत्काराचा मंडप घातला, फलकावर 'उदगीर जिल्ह्याची सुकन्या' असं लिहिलेलं. जिल्हा अजून व्हायचा होता, पण फलकापुरता तो झाला होता. प्रमुख पाहुणे टँकरपाशी फोटो काढून घेत थांबलेले. ते आल्याशिवाय समई पेटत नाही आणि समई पेटल्याशिवाय व्यासपीठावरून कुणी उठत नाही.

तेवढ्यात पंचशीलाचा फोन थरथरला. ड्यूटीवर बिदरचा शिवप्पा होता.

"मॅडम, सूर्यावर स्फोट झालाय. अर्ध्या तासात कण पोचतील. पण ताऱ्याचं निरीक्षण अजून चार तास हाय, दोन वर्षांनी नंबर लागलाय त्याचा. साहेब विमानात. तुम्हीच सांगा."

ती उठली. समितीचे अध्यक्ष नरसिंगराव कुजबुजले, "ताई, पाहुणे यायलेत, बसा की. सूर्य कुठं पळून चाललाय?"

"पळून न्हाई, दादा. इकडंच यायलाय."

मंडपामागं जाऊन तिनं शिवप्पाला सांगितलं, "झोपवा. जबाबदारी माझी."

दुर्बीण झोपेपर्यंत ती फोनवरच थांबली. ती परतेपर्यंत पाहुणे येऊन गेले होते. आणलेली शाल वाया कशी घालवायची, म्हणून नरसिंगरावच ती पांघरून बसले होते, बेचाळीस अंशांत.

वादळ आलं, गेलं. तिसऱ्या दिवशी दुर्बीण जागी झाली ती धडधाकट. म्हणूनच चौकशी लागली: काहीच बिघडलं नाही, तर निरीक्षण बुडवलं का?

"आन् जळू दिली असती तर?" आई सरजाबाईनं पाण्याच्या पिंपाला कुलूप घालता घालता विचारलं.

"तर जळालीच कशी, म्हणून चौकशी लागली असती."

"मंग बरंय की. दुर्बीण तर हाय."

पंचशीलानं खुलाशात एकच ओळ लिहिली: दुर्बीण शाबूत आहे. वरून उत्तर आलं, नुकसान झालं असतं याचा पुरावा जोडा. तिनं जाग्या झालेल्या दुर्बिणीनं काढलेलं पहिलं चित्र जोडलं. पुरावा म्हणून ते नामंजूर झालं, तिला लेखी ताकीद मिळाली. चित्र मात्र साहेबांनी चौकटीत बसवून आपल्या खुर्चीमागं टांगलं.