बोळातून दिसता कामा नये

साऊमावशीला कुणी नाही म्हटलं की ती मान डोलवायची, हसायची आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारायला पुन्हा हजर व्हायची. चौदाव्या वर्षी एका कंदीलवाल्याकडे काम मागायला गेली, तेव्हा तो म्हणाला, तुझे हात लहान, तुला बांबू वाकवता यायचा नाही. ती नऊ दिवस त्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. दहाव्या दिवशी त्याने वैतागून कामट्यांची जुडी तिच्यापुढे टाकली. त्याला आता बावन्न वर्षं झाली. होइ आन शहराच्या जुन्या पेठेत रेशमी कंदील नाही असं दार शोधून सापडायचं नाही, आणि त्यातले निम्मे माझ्या हातचे, असं ती सांगते. निम्मे नसतील, पण पुष्कळ आहेत.

लग्न होऊन ती सुतार तोआनच्या घरी आली. पुढे दुमजली घर, मधे उघडं अंगण, मागे बुटकं स्वयंपाकघर आणि कडेने नदीकडे उतरणारा बोळ. बोळाच्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत. ज्या वर्षी पाणी जिथवर चढलं तिथे रेघ, आणि पुढे साल. पुराला इथे कुणी फारसं भीत नाही. पाणी चढू लागलं की माळ्याच्या जमिनीतलं झाकण उघडायचं, तांदळाची पोती, गाद्या, पूर्वजांचा देव्हारा दोरीने वर ओढायचा आणि पाणी उतरेपर्यंत माळ्यावर पत्ते खेळत बसायचं. इतक्या वर्षांत साऊमावशी पुराला घाबरली ती एकदाच.

तोआनने जन्मभर रंधा मारला, आणि लाकडाचा भुसा त्याच्या छातीत जाऊन बसला. डॉक्टरांनी औषधाची वाफ देणारं यंत्र दिलं. दिवसातून चार वेळा पंधरा पंधरा मिनिटं तोंडावर मुखवटा लावून बसलं की दिवस सरायचा. मग दोन वर्षांपूर्वीचा पूर आला. पाणी चढलं की पेठेची वीज तोडतात, तशी ती तोडली. पहिला दिवस गेला, दुसरा कसाबसा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तोआनचे ओठ जांभळे पडले. शेजाऱ्यांनी नाव खिडकीला लावली आणि त्याला गादीसकट बोळातून दवाखान्यात नेलं. तो वाचला. डॉक्टर साऊमावशीला म्हणाले, "मावशी, यावेळी नाव मिळाली. दरवेळी मिळेल असं नाही."

त्या दिवशी तिने ठरवून टाकलं. पुढच्या पुरात हे यंत्र बंद पडणार नाही. सूर्य काही सरकार तोडत नाही.

दानांगहून दोन सौरपट्ट्या आणि बॅटरी आली. पण पेठेतली घरं जुनी, आणि जुन्या घरांना नियम फार. छपरावर जे बसवाल ते रस्त्यावरून दिसता कामा नये. कौलाला खिळा लागता कामा नये. उद्या काढलं तर घर काल होतं तसंच राहिलं पाहिजे. साऊमावशीने अर्ज टाकला आणि अर्जाचं भिजत घोंगडं पडलं.

तिची कौलं शाकारणारा बोन दिराच्या नात्यातला. साठीचा, हाताने वाकबगार आणि तोंडाने सैल. तो पंचांग घेऊन आला.

"वहिनी, छपराला हात लावायला या महिन्यात हा एकच दिवस आहे. पुढचा थेट पावसात."

"आणि परवाना?"

"परवाना म्हणजे कागद. तो आज ना उद्या येईलच. शुभ दिवस गेला तर परत येतो का?"

साऊमावशी तशी शहाणी बाई. पण छपराचं काम मुहूर्ताशिवाय करायचं, हे तिच्याच्याने झालं नसतं. तिच्या आईने केलं नव्हतं, आजीने केलं नव्हतं. तिने कोंबडी उकडली, चिकट भात केला, उदबत्त्या लावल्या. बोनने अंगणातल्या चार खांबांवर लाकडी चौकट अशी तोलली की तिचा कौलांना स्पर्शही होऊ नये, आणि तिला लाल फडकं बांधलं. फडकं वाऱ्यावर छान फडफडलं. इतकं छान की दुपारच्या आत जुन्या घरांवर देखरेख करणाऱ्या कचेरीचा विन्ह दारात उभा.

विन्ह पस्तिशीचा, नाकासमोर चालणारा माणूस. शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, एक लिहायला आणि एक पहिलं संपलं तर.

"मावशी, हे खाली उतरवा."

"अरे, आधी नैवेद्य घे."

"नैवेद्य घेतो. पण उतरवा."

त्याने उभ्याउभ्या कोंबडीची तंगडी खाल्ली, हात धुतले आणि अहवाल लिहिला. परवान्याआधी काम सुरू केल्याने अर्ज नामंजूर. बोनने जाताना चौकटीसकट पंचांगही काखोटीला मारलं.

दुसऱ्या दिवशी साऊमावशी कचेरीत. तिसऱ्या दिवशीही. नवा अर्ज, नवा नकाशा. नकाशा काढणाऱ्याने लिहून दिलं होतं की पट्ट्या अंगणाकडच्या उतारावर असून कुठूनही दिसणार नाहीत. विन्हने तो कागद बाजूला सारला.

"मावशी, नकाशात कधीच काही दिसत नाही. प्रत्यक्षात सगळं दिसतं."

"मग प्रत्यक्ष दाखवते," ती म्हणाली.

घरी येऊन तिने तेच केलं जे तिला बावन्न वर्षं येत होतं. कामट्या भिजवल्या, चौकोनी सांगाडे बांधले, दोन पट्ट्यांच्या मापाचे, अगदी बोटभरही कमीजास्त नाही. त्यावर रेशीम ताणलं, आणि तेही सगळ्यात भडक लाल. बोन म्हणाला, "वहिनी, काळं लाव ना. पट्ट्या काळ्याच असतात." ती म्हणाली, "काळं लावलं तर तो म्हणेल, दिसतंय पण कळत नाही. लाल दिसलं नाही तर काहीच दिसणार नाही." दोघांनी ते सांगाडे पट्ट्यांच्या जागी बांधले आणि ती विन्हला घेऊन निघाली.

विन्हने डोळ्याच्या उंचीला खूण केलेली काठी आणली होती. समोरच्या रस्त्यावर दर दहा पावलांवर ती टेकवून त्याने पाहिलं. काही नाही. पुलावरून पाहिलं, नदीच्या पलीकडच्या काठावरून पाहिलं, पाववालीला बाजूला सरकवून तिच्या गाडीशेजारून पाहिलं. कुठेच लाल ठिपका नाही. शेवटी बोळ राहिला. अंगणाची भिंत दीड पुरुष उंच, तिच्यापलीकडचं काय दिसणार? साऊमावशीच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं.

तेवढ्यात विन्हची नजर भिंतीवरच्या रेघांवर गेली. सगळ्यात वरची त्याच्या डोक्याच्याही वर होती. त्याने काठी त्या रेघेशेजारी टेकवली. मग हळूच म्हणाला, "मावशी, पुरात इथून नाव जाते ना?"

"जाते."

"म्हणजे तेव्हा नाव हाच रस्ता. नावेत बसलेल्याचा डोळा या रेघेच्या वर येणार. तिथून भिंतीपलीकडचं दिसेल."

बोनने कपाळावर हात मारला. "साहेब, पुरात छपरं बघत कोण फिरतं? मासे?"

साऊमावशी हसली नाही. तिने टाचा उंचावून वरच्या रेघेखाली बोट ठेवलं.

"या रेघेच्या वर्षी याच बोळातून तोआनला नेलं. नावेत मी होते. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी त्या दिवशी छप्पर बघितलं असेल असं वाटतं तुला?"

विन्हने मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "मावशी, मला कळतं. पण आज तुम्हाला सोडलं की उद्या अख्खी पेठ म्हणेल, आम्हाला का नाही? आधी पट्ट्या, मग पाण्याच्या टाक्या, मग कौलं काढून पत्रे. पत्र्याखाली तुमचे कंदील कोण टांगणार?"

तिला राग आला तो याचाच: तो म्हणत होता ते खरं होतं. या कौलांखालीच तिचं आयुष्य गेलं होतं, या कौलांमुळेच तिचे कंदील विकले जात होते. पण माळ्यावर खोकणारा माणूसही खरा होता. ती एवढंच म्हणाली, "उद्या येते."

ती अकरा दिवस गेली. भांडली नाही, रडली नाही. कचेरीच्या बाकावर बसून कंदिलाच्या कडा शिवायची आणि दुपारी विचारायची, "झालं का रे?" नवव्या दिवशी कचेरीच्या मोठ्या साहेबांनीच विन्हला विचारलं, ही बाई आपल्याकडे नोकरीला आहे का? बाराव्या दिवशी परवाना आला. खाली विन्हच्या अक्षरात एक अट होती: पुराच्या वेळी बोळातून पट्ट्या दिसू लागल्यास मालकाने त्या कौलांच्या रंगाच्या कापडाने झाकाव्यात.

बोनने अट दोनदा वाचली. "उंटावरचा शहाणा! ज्या दिवशी वीज हवी त्याच दिवशी झाका? पट्ट्यांनी काय अंधार खायचा?"

"परवाना आला ना?" साऊमावशी म्हणाली. "तू चौकट चढव. झाकण मी शिवते."

आणि तिने खरंच शिवलं. कौलांच्या तपकिरी रंगाचं दुहेरी कापड, वाऱ्याने उडू नये म्हणून आत कापसाचा जाड थर, काठाला टीप. तिच्या हातून काम वाईट व्हायचंच नाही, मग ते मनाविरुद्धचं का असेना. तोआन माळ्यावरून बघत होता. म्हणाला, "झाकशील?" ती म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा बघू."

पूर आला तो हिवाळ्याच्या तोंडावर. पहाटे पाणी उंबऱ्यावर होतं, दुपारी माळ्याच्या जिन्यावर. तांदूळ वर गेले, देव्हारा वर गेला, वीज गेली. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. ऊन पातळ होतं, पण होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बोळात वल्ह्याचा आवाज आला. साऊमावशीने बाजूच्या खिडकीतून वाकून पाहिलं. कचेरीची नाव होती. पाव आणि पाण्याच्या बाटल्या वाटत आली होती, आणि पुढे विन्ह उभा होता, दाढी वाढलेला, खिशात एकही पेन नाही. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती.

"मावशी, नदीकाठच्या आळीतले फोन आहेत, सतरा. सगळ्यांची बॅटरी उतरलीय. तिकडे एक बाळंतीण आहे, दवाखान्याशी बोलायचंय."

साऊमावशीने टोपलीला दोरी बांधून ती खाली सोडायला घेतली. पण सोडता सोडता थांबली. नावेत उभ्या विन्हचं डोकं भिंतीच्या वर आलं होतं, आणि त्याच्या खांद्यापलीकडे, अंगणाच्या उतारावर, ओल्या पट्टीचा कोपरा उन्हात लख्ख चमकत होता. तिने पाहिलं तेव्हाच त्यानेही मान वळवून पाहिलं.

"विन्ह," ती म्हणाली, "अट आहे बाबा तुझी. झाकू का?"

त्याने पट्टीकडे पाहिलं. मग पिशवीकडे. मग वर खिडकीकडे, जिथून यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"काय झाकायचं?" तो म्हणाला. "मला तर कौलंच दिसतायत."

पिशवी टोपलीत पडली. साऊमावशीने दोरी ओढून घेतली आणि आत वळली. तोआन तोंडाला मुखवटा लावून गादीवर टेकून बसला होता. वाफ नीट येत होती, ओठ लाल होते. आणि पहाटेपासून त्याच्या खांद्यांवरून गुडघ्यांपर्यंत ते तपकिरी, कापसाचं, काठाला टीप घातलेलं झाकण पांघरलेलं होतं.