काकांचं सात वाजताचं वरण

वरणाला टर्मिन देणारा माणूस मी जगात एकच पाहिला आहे. ते म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान, आमचे काका. जर्मनीत डॉक्टरला, न्हाव्याला, अगदी सायकल दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा भेटायचं तर आधी टर्मिन घेऊन वेळ ठरवावी लागते, हे मी इतक्या वर्षांत पचवलं आहे. पण भातावर वरण वाढण्याआधी घड्याळ बघणारं घर एर्लांगेनमध्ये हे एवढंच असावं. काकांकडे वरण संध्याकाळी सातला मिळतं. पावणेसातला गेलात तर पातेलं झाकलेलं असतं आणि काका त्याच्याशेजारी, राखणीला बसल्यासारखे, वर्तमानपत्र वाचत असतात.

काका चाळीस वर्षांपूर्वी इथल्या एका मोठ्या कंपनीत इंजिनीयर म्हणून आले आणि इस्पितळातली यंत्रं तयार करता करता निवृत्त झाले. सहा-सात वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. दुसरा कोणी असता तर खचला असता, निदान पुण्याला फोन करून पत्रिका तरी दाखवली असती. काकांनी आलेखाचे कागद आणले. गोळी कधी घेतली, पाय कधी हलके झाले, पुन्हा कधी जड झाले, त्यात काय खाल्लं होतं, हे सगळं तीन रंगांच्या पेन्सिलींनी मांडलं आणि महिन्याभरात आरोपी पकडला. तो म्हणजे प्रोटीन. गोळीला आतड्यातून ज्या वाटेनं रक्तात शिरायचं असतं, त्याच वाटेनं प्रोटीनही शिरतं. काका हे ज्याला त्याला समजावून सांगत. "दार एकच आहे, आणि प्रोटीन दांडगट. ते आत घुसतं आणि गोळी बिचारी बाहेर चपला सांभाळत बसते."

डॉक्टरीणबाईंनी साधं सांगितलं होतं, की गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या आणि डाळी, पनीर, अंडी शक्यतो रात्री खा. पण खा मात्र नक्की, कमी करू नका, नाहीतर वाळाल. काकांनी त्याचं संविधान केलं. दिवसा भात, भाज्या, फळं. भाजणीच्या थालीपिठाला सूर्यास्तापर्यंत प्रवेश नाही. साबुदाण्याची खिचडी उपासाची म्हणून निर्दोष सुटेल असं मावशींना वाटलं होतं, तर काकांनी त्यातल्या दाण्याच्या कुटाचं वजन करून तिलाही रात्रीच्या यादीत टाकलं. या दुखण्यात पोट साफ होत नाही, त्यामुळे भिजवलेले सुके आलुबुखार, जवसाची चटणी आणि दिवसाचं पाणी यांचाही तक्ता होता. त्याचा निकाल कसा लागला हे काका बसमध्ये, मोठ्यानं, मराठीत सांगत. इथं कोणाला कळतंय, असा त्यांचा भरवसा. एकदा मागच्या सीटवरची मुलगी नाशिकची निघाली. ती उतरताना "काका, इसबगोल घेऊन बघा" म्हणाली, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिलो आणि काकांनी वहीत इसबगोल लिहून घेतलं.

सगळ्यात मोठा पसारा होता तो पूरक गोळ्यांचा. आपल्याकडे माणूस आजारी पडला की नातेवाईक भेटायला येतात. आजारी माणूस परदेशात असला की ते डब्या पाठवतात. हळदीच्या गोळ्या आल्या, अश्वगंधा आली, माशाचं तेल आलं, कोणाच्या तरी व्याह्यांनी घाण्याचं खोबरेल पाठवलं. काकांनी कोणाचंच मन मोडलं नाही. स्क्रू ठेवायचा तीस खणांचा डबा त्यांनी रिकामा केला आणि त्यात हे सगळं भरलं. पंचविसाव्या खणात सांगलीच्या चुलतभावानं पाठवलेलं कवचबीजाचं चूर्ण होतं. कवचबीज म्हणजे खाजकुइलीची बी. काकांच्या गोळीत जे औषध असतं तेच या बीत निसर्गतः असतं, हे त्यांना ठाऊक होतं. नैसर्गिक आहे, मग वरून चमचाभर घेतल्यानं काय बिघडणार, असा हिशेब मात्र त्यांच्यातल्या इंजिनीयरनं नव्हे, सांगलीकरानं केला. आठवड्याभरात औषध जास्त होऊन त्यांचे हात आणि मान आपोआप डोलायला लागली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत बसले होते. अध्यक्षांना वाटलं, आपलं भाषण ऐकून कोणीतरी प्रथमच इतकं डोलतंय. त्यांनी ते पंचवीस मिनिटं लांबवलं.

डॉक्टरीणबाईंसमोर काकांनी तो अख्खा डबा नेऊन ठेवला. बाई खण उघडत गेल्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, की यातलं मला किती दिवसांपासून सांगितलं नव्हतं. काका जर्मन माणसासारखे "आल्झो," म्हणजे "त्याचं असं आहे," म्हणाले आणि वहीत तारखा शोधायला लागले. रक्ततपासणीत जी दोन जीवनसत्त्वं कमी होती तेवढी राहिली. बाकी अठ्ठावीस खणांत पुन्हा स्क्रू गेले.

एवढं सगळं मी हसत सांगतोय, पण तेव्हा मला काकांचा रागही यायचा. ते दुपारचं आमंत्रण कधीच घेत नसत. दोन वर्षं आम्ही बोलावतोय आणि हे आपले तक्ता दाखवताहेत. मागच्या वर्षी पाडवा बुधवारी आला, म्हणून इथल्या रिवाजानुसार आम्ही तो रविवारी केला, आणि बायकोनं इतकं गळ्यात पडून सांगितलं की काका-मावशी जेवायला आले. मी स्वतः वाढायला उभा राहिलो. काका भात आणि बटाट्याची भाजी एवढंच घेत होते. मी मटकीची उसळ वाढली, वाटीभर श्रीखंड वाढलं आणि आपली जुनी वाक्यं म्हटली, सणासुदीला एका वाटीनं काय होतंय वगैरे. जावयानं वाढलेलं पानातून परत करायचं नाही, अशी काकांची शिस्त. त्यांनी खाल्लं. मी आणखी एक वाटी वाढली. तीही खाल्ली.

तीनची गोळी लागलीच नाही. निघायला म्हणून ते उठले आणि बैठकीच्या दारात, उंबरठाही नाही तिथं, त्यांचे पाय जमिनीला चिकटले. अंग पुढे जायला बघतंय आणि पाऊल उचलत नाही. मी दंड धरून ओढायला गेलो, तर मावशी म्हणाल्या, "ओढू नका. मोजू द्या त्यांना, मोजलं की पाऊल सुटतं." काकांनी एक, दोन, तीन म्हटलं. पुन्हा म्हटलं. काही झालं नाही. मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि मावशींना हळूच म्हणाले, "अगं, आज राहिलं."

काय राहिलं ते मावशींनी नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. मावशींच्या स्वतःच्या नजरेच्या मधोमध डाग आला आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. एकट्या त्या बाहेर पडत नाहीत. रोज चार वाजता काका त्यांना नदीकाठच्या कुरणातून फिरवून आणतात. मावशी त्यांचा दंड धरून चालतात. रस्त्यावर बघणाऱ्याला वाटतं की ही बाई कापणाऱ्या नवऱ्याला सांभाळून नेते आहे; आम्हालाही तसंच वाटत होतं. त्या एका तासात पाय दगा देऊ नयेत म्हणून दिवसभर डाळ झाकलेली असे. "तुमच्याकडे यायचं म्हणून आज सकाळी नुसती फळं खाल्ली त्यांनी," मावशी म्हणाल्या. मला फार लाज वाटली. श्रीखंडाचं पातेलं मी हातानं फ्रिजच्या अगदी मागे सरकवलं.

त्यानंतर मी काकांच्या तक्त्याची चेष्टा केलेली नाही. पण दुखणं तक्त्याचं ऐकतंच असं नाही. हल्ली पथ्य सांभाळूनही चांगला तास कधी अर्ध्यावर येतो, कधी येतच नाही. या शरद ऋतूत एकदा पावणेचारला त्यांचा फोन आला. "जावईबापू, तुम्हाला चारला तासभर निघता येईल का? तिची सवय मोडायला नको." एवढंच बोलले. मी ऑफिसातून सायकल हाणली. आता आठवड्यातून दोन-तीनदा तसा फोन येतो.

मावशी माझा दंड धरून चालतात, माझ्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच भरभर. कुरणाकडे वळायच्या कोपऱ्यावर त्या थांबतात, घराच्या दिशेनं तोंड करतात आणि हात हलवतात. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असतात.

"त्यांनी केला का हात?" मावशी विचारतात.

तेवढ्या लांबून मलाही नीट दिसत नाही. कधी हात उचललेला वाटतो, कधी तो मांडीवरच असतो. मी दर वेळी केला म्हणून सांगतो, आणि आम्ही पुढे निघतो.